अर्धसमास

सरकारी लेखापरीक्षकाच्या कागदास मधोमध एक घडी असते. घडीच्या एका अंगास त्याने आपला आक्षेप लिहावयाचा आणि दुसरे अंग, ज्याचे दप्तर तपासले जात असेल त्याच्या उत्तराकरिता कोरे सोडावयाचे, अशी आमच्या खात्याची जुनी वहिवाट आहे. या कागदास आम्ही मंडळी ‘अर्धसमास’ म्हणतो. सन १९७३ पासून सन २००८ पर्यंत, म्हणजे पुरी पस्तीस वर्षे, आम्ही या कागदाच्या एकाच अंगास लिहीत आलो. दुसऱ्या अंगास लिहिण्याचा प्रसंग उतारवयात आला, आणि तो कसा आला हेच आज वाचकांस सांगावयाचे आहे.

आमचे खाते स्थानिक निधी लेखापरीक्षेचे. सन १९३० च्या मुंबई कायद्याने त्याला अधिकार दिले आणि जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, ग्रामपंचायती यांची दप्तरे तपासणे हा त्याचा व्यवसाय. महालेखापालांच्या कचेरीचा दबदबा आमच्या वाट्यास कधी आला नाही. वृत्तपत्रांत गाजतात ते त्यांचे अहवाल; आमचे अहवाल पंचायत समितीच्या कपाटात वाळवीशी झुंजत असतात. तरी खेड्यातल्या माणसाच्या घरपट्टीचे काय झाले हे पाहणारा सरकारी डोळा म्हणजे आम्हीच. रोजकीर्द, पावतीपुस्तके, प्रमाणके, साठ्याची नोंदवही, मोजमाप पुस्तिका यांच्या वासाची पुढे पुढे इतकी सवय जडली, की घरात वाण्याची यादी आली तरी आमची नजर आधी बेरजेवर जात असे. आमच्या मातोश्री असेतोवर एक गोष्ट नेहमी सांगत, की याच्या मुंजीत भिक्षावळीचे पैसे याने स्वतः तीनदा मोजले आणि दोन आणे कमी भरतात म्हणून आत्याबाईंना गाठले. आत्याबाईंनी ते दोन आणे खरोखरच दिले नव्हते, हे मातोश्री सांगत नसत.

या खात्याचे एक व्रत आहे. ज्याचे दप्तर तपासावयाचे त्याच्या घरचा चहादेखील घ्यावयाचा नाही. हे व्रत सगळेच पाळतात असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही; आम्ही पाळले, इतकेच. आमचे कुटुंब पहाटे उठून डबा आणि चहाची फिरकीची बाटली भरून देई, आणि ती खांद्याला अडकवून आम्ही एस्. टी. ने जात असू. मुळशी तालुक्यात आमची अनेक पावसाळी व उन्हाळी वर्षे गेली. पुण्याहून निघावे, चांदणी चौक ओलांडावा, पिरंगुटचा घाट चढून उतरावा, की पौड येते. तालुका मुळशीचा असला तरी कचेऱ्या पौडास आहेत. तेथून पुढे धरणाच्या काठाकाठाने रस्ता ताम्हिणीकडे जातो. ज्येष्ठ संपता संपता पाऊस सुरू झाला, की त्या खोऱ्यात माणसाला माणूस दिसत नाही. भाताची खाचरे, बांध, मध्येच एखादे कौलारू घर. ग्रामपंचायतीच्या चावडीत दप्तराचा कागद सादळून इतका मऊ होई, की त्यावर टाक टेकवताच शाई पसरावी.

असो. सन २००५ च्या सुमारास त्या खोऱ्यातील एका ग्रामपंचायतीची तपासणी आमच्याकडे आली. गावाचे नाव सांगत नाही, कारण पुढील हकीकतीत ज्यांचा संबंध आहे ती मंडळी अद्याप तेथे राहतात. गावाच्या शिवारात एका खासगी कंपनीने वसाहत उठविली होती. शहरातील सधन लोकांचे बंगले, आखीव रस्ते, फाटकावर पहारेकरी. आम्ही नमुना आठ, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, उघडून पाहिली, तो तीत या वसाहतीची नोंद मोकळी जागा अशी. रस्त्यावरून नुसते पाहिले तरी एकेचाळीस बंगले दिसत होते. ग्रामसेवक साधा मनुष्य होता. खेड्यात ग्रामसेवकास भाऊसाहेब म्हणतात. आम्हीही तसेच म्हणत असू. त्याला विचारले, “भाऊसाहेब, ही मोकळी जागा, तर मग त्या मोकळ्या जागेत दिवे कसले लागतात?” तो म्हणाला, “साहेब, फाटकाच्या आत मला सोडत नाहीत.” तेव्हा आम्ही आमच्या हाताने परिच्छेद लिहिला: बांधलेल्या इमारतींची आकारणी न केल्यामुळे पंचायतीच्या उत्पन्नाचे नुकसान, इमारतींची मोजणी करून फेरआकारणी करावी व मागील वर्षांची रक्कम वसूल करावी. क्षेत्रफळ आम्ही कंपनीच्या जाहिरातीच्या पुस्तिकेवरून धरले होते. आत जाऊन फिता लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी जावयाचे होते, आणि पाऊसही फार होता.

सन २००८ मध्ये अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होऊन आम्ही निवृत्त झालो. निरोपसमारंभात नारळ, शाल आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले. आमचे घर एकत्र कुटुंबाचे. दादा आणि वहिनी, आम्ही उभयता, धाकटे बंधू नोकरीनिमित्त नागपुरास असले तरी त्यांची मुलगी शिक्षणाकरिता आमच्यापाशी, आणि ब्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई. त्या वर्षी पुतणीला खासगी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, आणि तेथील शुल्काचा आकडा ऐकून दादांनी चष्मा काढून पुसला. अशा वेळी त्याच कंपनीचे एक गृहस्थ, ज्यांच्या वसाहतीवर आम्ही परिच्छेद लिहिला होता, आमच्या घरी आले. वसाहतीला प्रशासक हवा होता. पाणी, रस्ते, सफाई, पहारा, रहिवाशांच्या तक्रारी, सरकारी कचेऱ्यांशी पत्रव्यवहार ही सर्व कामे. वेतन आमच्या शेवटच्या पगाराच्या दुपटीहून अधिक, शिवाय जाण्यायेण्यास गाडी. गृहस्थ फार नम्रपणे म्हणाले, “आपल्यासारखा कडक माणूसच आम्हाला पाहिजे.”

आम्ही एक आठवडा मागून घेतला. त्या आठवड्यात आम्ही नियम चाळले, कारण नियम चाळल्याखेरीज आम्हाला झोप येत नाही. केंद्र सरकारच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर ठरावीक काळात खासगी व्यापारी नोकरी धरावयाची असेल तर सरकारची परवानगी लागते. हा काळ पूर्वी दोन वर्षांचा होता, तो पुढे एका वर्षावर आला. आमच्या दर्जाच्या नोकराची कोणी विचारपूसही केली नाही. स्वतः नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्याविषयी राज्यघटनेच्या १४८ व्या अनुच्छेदात असे स्पष्ट लिहिले आहे, की त्या पदावरून उतरल्यावर त्यांना केंद्राच्या वा कोणत्याही राज्याच्या सरकारात दुसरे पद धारण करता येणार नाही. घटनाकारांना भीती वाटली ती सरकारी मेहेरबानीची. खासगी पेढीविषयी तेथे अवाक्षर नाही. सन २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट नियामक मंडळाचा कारभार पाहण्यास प्रशासकांची समिती नेमली, तेव्हा तिच्या प्रमुखपदी माजी महालेखापरीक्षक विनोद राय यांनाच बसविले. म्हणजे दप्तर तपासणारा माणूस कारभार हाकण्यास योग्य समजला जातो, हे खरे. न्यायालयाने नेमणे आणि कंपनीने घरी येऊन शाल पांघरणे यांत अंतर आहे, हेही तितकेच खरे.

जगात सर्वत्र हा प्रकार चालतो. जपानी लोक त्याला ‘आमाकुदारी’ म्हणतात. अर्थ असा, की स्वर्गातून खाली उतरणे. सरकारी खाते हा स्वर्ग, आणि खाली कंपन्यांचा भूलोक. फ्रेंच लोक अधिक घरगुती आहेत. त्यांचा शब्द ‘पांतुफ्लाज’ हा घरात पायांत घालावयाच्या मऊ सपातांवरून आलेला आहे, आणि ज्या कंपनीवर देखरेख केली तीत तीन वर्षे जाऊ नये असा त्यांचा कायदा आहे. आपल्याकडे सर आर्देशर दलाल यांचे उदाहरण जुन्या पिढीस ठाऊक असेल. सनदी नोकरीत चढत चढत ते मुंबई महापालिकेचे आयुक्त झाले आणि सन १९३१ मध्ये टाटांच्या पेढीत गेले. पुढे सन १९४४ च्या प्रसिद्ध मुंबई योजनेवर त्यांची सही आहे, आणि त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात नियोजनाचे काम त्यांच्याकडे आले. म्हणजे स्वर्गातून उतरून पुन्हा स्वर्गात. त्यांच्याविषयी कोणी वावगे बोलल्याचे आमच्या वाचनात नाही. या सर्व गोष्टी आम्ही दादांना सांगितल्या. दादा आयुष्यभर शाळामास्तर. ते म्हणाले, “तू इतकी उदाहरणे शोधतो आहेस, त्यावरूनच मला शंका येते.” मात्र पुतणीचे शुल्क कोठून आणावयाचे हे त्यांनीही सांगितले नाही. आमचे कुटुंब म्हणाले, “अहो, लबाडी करायची नाही म्हणजे झालं. काम म्हणजे काम.” सन २००९ च्या दिवाळी पाडव्यास आम्ही रुजू झालो.

त्या दिवसांत मुळशी खोऱ्याचे नाव देशभर झाले होते. आमच्या वसाहतीमुळे नव्हे. ती अगदीच चिमुकली. तालुक्याच्या दुसऱ्या अंगास मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या फुगवट्याभोवती, लवासा नावाचे नवे नगर उठत होते. राज्य सरकारने सन १९९६ मध्ये गिरिस्थानांविषयीचे नियम काढले, सन २००१ मध्ये मुळशी व वेल्हे या तालुक्यांतील अठरा गावे त्याखाली घेतली, आणि सन २००८ मध्ये ती नगरी बांधणाऱ्या कंपनीलाच तेथील विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. या शेवटच्या गोष्टीचा अर्थ सामान्य वाचकाच्या ध्यानी चटकन येत नाही म्हणून सांगतो. इमारत बांधू इच्छिणाराने नकाशा दाखल करावयाचा आणि प्राधिकरणाने तो मंजूर वा नामंजूर करावयाचा, अशी सर्वत्र रीत. तेथे अर्ज करणारा आणि मंजुरी देणारा यांचे घर एकच झाले. आमच्या भाषेत सांगावयाचे, तर अर्धसमासाची घडी उलगडली आणि दोन्ही अंगांस एकच हस्ताक्षर आले. नगरीच्या कारभारास अमेरिकेतून स्कॉट राइटन या गृहस्थांस आणले होते. तिकडच्या नगरांत लोकांनी निवडलेल्या मंडळाच्या हाताखाली नगर-व्यवस्थापक म्हणून ज्यांनी काम केले, ते येथे कंपनीच्या हाताखाली तेच काम करू लागले. एका चहापानात पुण्याच्या एका निवृत्त अभियंत्याने आम्हाला थट्टेने ‘मुळशीचे दुसरे राइटन’ म्हटले, आणि खरे सांगावयाचे तर आम्हाला ते आवडले.

त्या नगरीचे पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. सन २०१० च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्यास सांगितले. एक वर्षाने पहिल्या टप्प्यास अटी घालून संमती मिळाली. सन २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालात राज्य सरकारने दिलेल्या सवलतींवर ताशेरे आले. सन २०१७ मध्ये प्राधिकरणाचा अधिकार काढून तो पुणे महानगर प्रदेशाच्या प्राधिकरणाकडे गेला. आणि सन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणाकडे प्रकरण दाखल झाले. त्यावर लिहिण्यास आमच्याहून समर्थ लेखण्या आहेत.

आमचे काम वरवर पाहता सुखाचे होते. सकाळी गाडी दाराशी येई. वसाहतीत झाडलोट, पाण्याच्या टाक्या, पहारेकऱ्यांची हजेरी यांत आम्ही थोडक्या दिवसांत शिस्त आणली. डिझेलच्या हिशेबात कोणी हात मारतो हे दुसऱ्याच महिन्यात शोधून काढले, तेव्हा मालकांनी पाठ थोपटली. पस्तीस वर्षांत आमची पाठ कोणी थोपटली नव्हती. लेखापरीक्षकाने चोरी शोधली तर चोर रागावतो, आणि वरिष्ठ म्हणतो की प्रकरण वाढवू नका. येथे शोधलेली चोरी त्याच दिवशी बंद होई. सरकारी नोकरीतून खासगीत गेलेली माणसे तिकडे का रमतात, याचे खरे कारण पैसा नव्हे. आपल्या शब्दाने काहीतरी घडते, हा अनुभव त्यांना तेथे प्रथमच येतो. आणि कंपनीच्या कचेरीत चहा रोज चार वेळा येई. आम्ही घेत असू. फिरकीची बाटली घरी फडताळात गेली.

सन २०१० च्या हिवाळ्यात एक जाड लिफाफा आमच्या टेबलावर आला. ग्रामपंचायतीची मागणीची नोटीस होती. वसाहतीच्या एकेचाळीस बंगल्यांची आकारणी करून मागील बाकीसह सुमारे अडीच लाख रुपये भरावेत असा मजकूर, आणि आधारासाठी लेखापरीक्षण अहवालातील परिच्छेदाची प्रत जोडलेली. प्रत वाचू लागलो. दोन ओळी वाचल्यावर वाक्याची ठेवण ओळखीची वाटली. तो परिच्छेद आमचाच होता. पाच वर्षे तो कपाटात पडून होता. अनुपालन करा, अनुपालन करा म्हणून पंचायत समितीने तगादा लावल्यावर बिचाऱ्या भाऊसाहेबांनी अखेर तो बाहेर काढला होता. ज्या तगाद्यासाठी आम्ही जन्मभर धडपडलो, तो पहिल्यांदा यशस्वी झाला, आणि नेमका आमच्याच टेबलावर येऊन थडकला!

मालकांनी बोलावून घेतले. ते रागावले नव्हते. म्हणाले, “आपण यातले जाणते आहात. उत्तर आपणच तयार करा.” आम्ही त्या वेळी एक वाक्य बोलावयास हवे होते. हा परिच्छेद माझा आहे, याचे उत्तर दुसऱ्या कोणाकडून लिहवून घ्या, इतकेच. ते वाक्य जिभेवर येऊन परत गेले. पुतणीचे दुसरे वर्ष चालू होते हे एक कारण. दुसरे कारण सांगावयास अधिक कठीण आहे. त्या परिच्छेदातील कच्चे दुवे आम्हाला तत्क्षणी दिसले होते, आणि ते दाखवून देण्याची एक प्रकारची खुमखुमी आली होती. कुशल सुताराला स्वतः केलेल्या खुर्चीचा कोणता पाय डुगडुगतो हे ठाऊक असावे, तसे ते होते.

उत्तर आम्ही दोन रात्री बसून लिहिले. क्षेत्रफळ प्रत्यक्ष मोजमापाने ठरविलेले नाही. जाहिरातीतील आकडा हा पुरावा नव्हे. बंगल्यांचे मालक निरनिराळे असता कंपनीच्या नावे एकच नोटीस बजावली आहे. चौवार्षिक आकारणीची यादी रीतसर प्रसिद्ध करून हरकती मागविल्याचा कागद दप्तरात नाही. शेवटचा मुद्दा आम्हास ठाऊक असण्याचे कारण एवढेच, की ते दप्तर आम्ही पाहिले होते. कंपनीच्या दुसऱ्या कोणाही नोकरास तो सुचला नसता. प्रकरण अपिलात पौडास पंचायत समितीपुढे गेले. सुनावणीच्या दिवशी भाऊसाहेब समोर बसले होते. आमची सही असलेला कागद त्यांच्या हाती होता. त्यांनी एकदा कागदाकडे आणि एकदा आमच्याकडे पाहिले; बोलले काही नाहीत. अपील बहुतांशी आमच्या बाजूने झाले. अडीच लाखांची मागणी ऐंशी हजारांवर आली आणि बाकीच्यासाठी रीतसर फेरआकारणी करावी असे ठरले.

बाहेर व्हरांड्यात भाऊसाहेब भेटले. पूर्वीसारखेच ‘साहेब’ म्हणाले. “साहेब, तुमचा परिच्छेद होता म्हणून मी बिनधास्त होतो. मला वाटलं, तुम्ही लिहिलंय म्हणजे ते पडायचं नाही.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच अधिक लागले. वरच्या वाडीस नळ नेण्यासाठी त्या पैशांचा अंदाज धरला होता, तो उन्हाळा आता तसाच जाईल, असेही त्यांनी ओघात सांगितले. परतताना गाडीत आम्ही चालकाशी एक शब्द बोललो नाही.

घरी हे सांगितले ते केवळ दादांना. त्यांनी उपदेश केला नाही. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आजोबांच्या कागदांचे दप्तर खाली आले होते, त्यातील एक लांबट खतावणी काढून त्यांनी आमच्यापुढे ठेवली. आमचे आजोबा एका वकिलाकडे कारकून होते आणि अल्पस्वल्प सावकारीही करीत, इतके आम्ही ऐकून होतो. मुळशी पेट्यात त्यांच्याकडे तीन खाचरे गहाण होती हे ठाऊक नव्हते. वाचकांस स्मरत असेल, की नीला व मुळा यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीच्या धरणाचे काम निघाले तेव्हा सन १९२१ च्या रामनवमीस, म्हणजे १६ एप्रिल रोजी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापटांचे नाव त्यामुळे घरोघर झाले. विनायकराव भुस्कुटे यांनी तो लढा गावोगाव नेला. जमिनी सन १८९४ च्या कायद्याखाली सरकारने कंपनीसाठी संपादन केल्या. घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात मुळशीचे पाणी सन १९२७ मध्ये पडू लागले आणि मुंबईस वीज गेली. हे सगळे आपण अभिमानाने सांगतो. थोडे हळू आवाजात सांगितले जाते ते असे, की त्या खोऱ्यातील बऱ्याच जमिनीवर पुण्याच्या आपल्यासारख्याच घरांतील सावकारांचा ताबा वा बोजा होता. मावळे भरपाई नको, जमीन पाहिजे म्हणत होते, आणि यांपैकी पुष्कळांस भरपाई हवी होती.

आजोबांच्या खतावणीत मोडीत नोंद होती. दादांना मोडी येते. त्यांनी बोट ठेवून वाचली. मुळशीची भरपाई जमा, आणि पुढे रक्कम. पान उलटल्यावर खर्चाच्या बाजूस आणखी एक नोंद होती: मुळशी सत्याग्रह फंडास रुपये दोन. आम्ही पस्तीस वर्षे खतावण्या तपासल्या; जमा आणि नावे यांचा असा मेळ पाहिला नव्हता. दादांना विचारले, की आजोबांना यात काही विसंगत वाटले नसेल काय? दादा म्हणाले, “दोन्ही नोंदी त्यांनी लिहून ठेवल्या. लपविली एकही नाही.” एवढे बोलून ते खाली जेवावयास गेले.

यानंतर आम्ही तडकाफडकी राजीनामा दिला असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. तसे घडले नाही. पुतणीची साडेचार वर्षे आणि उमेदवारीचे एक वर्ष पुरे व्हावयाचे होते. आम्ही आणखी पावणेदोन वर्षे राहिलो, आणि सोडली ती गुडघ्यांच्या दुखण्याचे निमित्त सांगून. शेवटच्या वर्षाच्या शुल्कासाठी दादांनी आपली मुदतठेव मोडली. मधल्या काळात एक गोष्ट मात्र केली. ऐंशी हजार रुपये तक्रार न करता, व्याजासह, पहिल्या महिन्यातच भरावयास लावले. मालक म्हणाले, इतकी घाई कशाला? आम्ही म्हटले, नियम आहे. वाडीच्या नळाला त्या रकमेतून नळ्या आल्या. पंप आला नाही. पुतणी आज सातारा जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात आहे. तिला या हकीकतीतील काही ठाऊक नाही, हा अंक तिच्या हाती पडेपर्यंत.

नोकरी सोडल्याला वर्ष झाले असेल. एके सकाळी भाऊसाहेब आमच्या दाराशी आले. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. हातात आंबेमोहोराची लहान पिशवी. आमच्या कुटुंबाला खात्याचे व्रत आमच्याहून अधिक पाठ आहे. तिने तांदूळ सुपात ओतून घेतला, बाजारभाव विचारला आणि पैसे त्यांच्या हातावर ठेवले. चहा मात्र त्यांनी घेतला. मग मुद्द्यावर आले. “साहेब, नवी चौवार्षिक आकारणी आहे. मागल्या वेळी आमचं कुठं चुकलं ते सांगा. पुन्हा पडायला नको.”

आम्ही पेचात सापडलो. सरकारी दप्तरात पाहिलेले ज्ञान आम्ही कंपनीसाठी वापरले, तो एक दोष झाला होता. आता कंपनीच्या कपाटात पाहिलेले नकाशे, मालकांच्या याद्या, प्रत्येक बंगल्याचे खरे क्षेत्रफळ हे सर्व आम्हाला तोंडपाठ होते. ते भाऊसाहेबांना उतरवून दिले, तर पहिला दोष धुतला जाईल की दुसरा लागेल? दादा ओटीवर वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी वर्तमानपत्र खाली केले नाही. आम्ही आत जाऊन फडताळ उघडले. फिरकीच्या बाटलीशेजारी आमचा पंधरा मीटरचा पोलादी फिता होता. बांधकामाची मोजमाप पुस्तिका पडताळण्यासाठी तो आम्ही खात्यात असताना पदरचे पैसे खर्चून घेतला होता, आणि सन २००५ च्या त्या पावसात पिशवीतून बाहेर काढला नव्हता.

तो भाऊसाहेबांना दिला. म्हटले, “कोणाच्याही कागदावर विसंबू नका. माझ्यासुद्धा नाही. आधी यादी चावडीवर लावा, हरकती लेखी घ्या. प्रत्येक मालकाला वेगळी नोटीस द्या. मग सरपंच, दोन पंच आणि त्यांचा माणूस यांच्यासमक्ष एकेक घर मोजा, आणि जागच्या जागी सह्या घ्या. फाटकाच्या आत जाण्याचा तुम्हाला अधिकार आहे. नोटीस देऊन दिवसाउजेडी जा.” यातील एक अक्षरही छापील नियमांपलीकडचे नव्हते. त्यांनी ते एका पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतले. लिहिण्यापूर्वी त्यांनी सवयीने कागदास मधोमध घडी घातली होती.

मार्गशीर्षात फिता परत आला. तो देण्यास आलेल्या शिपायाने सांगितले, की एकेचाळीसांपैकी अडतीस घरे मोजून झाली. तीन घरांना कुलपे होती, त्यांचे मालक उन्हाळ्यात येतात, तेव्हा पुन्हा फिता न्यावयास येऊ.